गॅलरीत कोणी आहे का?

४ ऑक्टोबर

आजपासून ही माझ्याबरोबर दीपगृहावर येणार आहे. मला विचारलं नाही, सांगितलं. सकाळी बुटाच्या नाड्या बांधून मान वर केली तर ही दारात तयार. पायात चालायचे बूट, खांद्यावर शाल, हातात पाण्याची बाटली.

"कुठे?" मी विचारलं.

"तुमच्याबरोबर. फेरीत मदत करीन. घरात बसून अंग आंबलंय माझं."

फेरीत मदत कसली? तिकीट काढलेल्या लोकांना घेऊन मनोऱ्याचा जिना चढायचा, वर जाऊन बोलायचं, खाली आणून सोडायचं. याला दोन माणसं लागत नाहीत. आणि या टोकावर बोलायचा हक्क माझ्याइतका कुणाला आहे? उमेदीची सगळी वर्षं मी इथे धुक्याचा भोंगा चालवला. धुकं दाटलं की दिवा जहाजांना दिसत नाही, मग भोंगा. इंजिन सुरू करायचं, टाकीत हवा भरायची आणि धुकं उठेपर्यंत ठरलेल्या वेळाने दोर ओढत राहायचं. पुढे जहाजं स्वतःची वाट स्वतःच शोधायला लागली, भोंगा बंद पडला, दीपगृह बघायला सुट्टीची माणसं येऊ लागली आणि मी भोंगेवाल्याचा फेरीवाला झालो.

ही आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. याचा नंबर त्याला जोडून द्यायचा. समुद्राशी तिचा संबंध खिडकीतून दिसतो तेवढाच.

तरी बरोबर घेऊन गेलो. वाटेत मी कुठल्याही बाजूला झालो तरी ही सरकून माझ्या उजवीकडेच यायची. नवी खोड. व्यवस्थापक फाटकातच भेटला. वयाने माझ्या लेकीएवढा असेल. काळा चष्मा झोपताना तरी काढतो की नाही कोण जाणे, म्हणून माझ्या वहीत तो गॉगल. मला वाटलं, तो म्हणेल, काकू, असं वर येता येत नाही. तर हा दोन्ही हात पसरून म्हणतो, "या काकू, या!" जसं काही सगळं आधीच ठरलं होतं.

७ ऑक्टोबर

तीन दिवस सहन केलं, आज लिहितो.

माझी फेरी बांधीव आहे. आधी खाली अंगणात उभं राहून टोकाची माहिती: तिन्ही बाजूंनी पाणी, खाली काळे खडक, त्यावर फुटलेली जहाजं. मग जिना. मग पहाऱ्याची खोली, तिथून बाहेर गॅलरी. लोक वाऱ्यात केस सावरत फोटो काढतात, दूरवर किनारा वळताना दिसतो, बायका "अय्या" म्हणतात. मग आत येऊन शिडीने वर दिव्याच्या खोलीत. तिथे ते काचेचं प्रचंड भिंग बघून लोक गप्प होतात आणि मी बोलतो. हा माझा क्षण. गेली कित्येक वर्षं माझा आहे.

आता काय होतं? कुणीतरी मागून काही विचारतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडतो तोवर ही पुढे येऊन, माझ्याकडे तोंड करून, तोच प्रश्न खणखणीत आवाजात परत म्हणते. "काका, हे विचारतायत की वादळात मनोरा हलतो का?" अरे, मला कळतं की! परत कशाला म्हणायचं? एक्सचेंजमधली सवय, दुसरं काय. तिथे पण असंच करायची, याचं त्याला. आणि मला चारचौघांत "काका" म्हणते. लोकांना त्याचंच हसू येतं. मग ती काहीतरी बारीक जोडते, लोक आणखी हसतात. काय जोडलं ते मला कधीच सांगत नाही.

आज फेरी संपल्यावर एक कुटुंब तिच्याभोवती गोळा झालं. काकू, तुमच्याबरोबर एक फोटो. माझ्या हातात मोबाईल दिला. मी फोटो काढला! भोंगेवाला फोटोग्राफर झाला. ही मधोमध उभी, वाऱ्याने शाल उडतेय, नटीसारखी हसतेय. मुद्दाम फोटोत तिचं कपाळ कापलं.

आणखी एक झालं. गॅलरीच्या लोखंडी दाराला कडी फक्त आतून आहे, बाहेरची खाऱ्या वाऱ्यात टिकतच नाही; आतून लागली की बाहेरच्याला उघडता येत नाही. म्हणून आमच्या जुन्या दिवसांपासून नियम आहे: दार लावायच्या आधी मोठ्याने विचारायचं, "गॅलरीत कोणी आहे का?" मग थांबायचं. "ओ" आली तर माणूस आत घ्यायचा, नाही आली तर कडी घालायची. आज मी विचारलं, थांबलो, कडीला हात घातला तर हिने मनगट धरलं. "अहो, आहे कुणीतरी." पलीकडच्या अंगाला एक म्हातारे गृहस्थ दुर्बीण लावून उभे. आता वाऱ्यात "ओ" द्यायची तर छातीतून द्यावी, हे पुटपुटतात. हल्ली सगळेच पुटपुटतात. पण शाबासकी हिला मिळाली. गृहस्थांनी तिचा हात हातात घेऊन दोनदा मान लववली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

८ ऑक्टोबर

सुट्टी. भांडण. कारण काहीच नाही.

ही मला हाक मारत नाही, दिवा लावते-बंद करते, लावते-बंद करते. मी वाचत असलो की डोक्यावर दिव्याची उघडझाप. किंवा टेबलावर थाप मारते. मी म्हटलं, मी काय जनावर आहे का? तर म्हणते, "हाका मारून घसा बसला." कधी मारल्या हाका?

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आईशी अर्धा तास गुलुगुलु. मी घेतला तर पोरगी ओरडायलाच लागली. "बाबा! कसे आहात!" हल्ली ती माझ्याशी ओरडूनच बोलते. लहानपणी माझ्या मांडीवरून उतरत नव्हती. आईने काय भरवलंय तिच्या मनात, देव जाणे. मी म्हटलं, लाइन खराब आहे, ठेवतो.

१२ ऑक्टोबर

माझा संशय खरा ठरतोय.

आज दुपारी चहाला खाली आलो तर तिकिटाच्या खिडकीमागे ही आणि गॉगल डोकं जवळ आणून उभे. ही बोलतेय, तो मान हलवतोय. तो काहीतरी कागद दाखवतोय, ही हात जोडल्यासारखं करतेय. मला बघितल्याबरोबर दोघं सरळ झाले. गॉगल म्हणाला, "काका, चहा?" हे मात्र मोठ्याने.

तिकीटवालीला बाजूला घेऊन विचारलं, काय चाललंय? ती पोर माझ्याशी नेहमी खरं बोलते. ती आधी इकडेतिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, तुमच्या फेरीबद्दल लोक तक्रार करून गेले ना मागे. तुम्ही त्यांच्या प्रश्नांना उत्तर देत नाही म्हणून." मी? उत्तर देत नाही? मी एकेका प्रश्नाला पंधरा मिनिटं देतो! लोकांनाच उत्तरं नको असतात. मागच्या महिन्यात एका बाईने काहीतरी विचारलं, मी तिला भिंगाच्या काचा कशा घासायच्या ते सगळं समजावलं. अंगरख्याला बटण असलं तर काचेला ओरखडा पडतो, म्हणून आम्ही बिनबटणाचे अंगरखे घालायचो, इथपर्यंत. तर ती पाय आपटत खाली निघून गेली. मग कळलं की ती प्रसाधनगृह कुठे आहे ते विचारत होती. अशा माणसांनी तक्रारी करायच्या!

तर तक्रारीचं निमित्त आहे. माझी फेरी हिला द्यायचा घाट घातलाय. हसरी बाई, गोड आवाज, फोटोत बरी दिसते. आणि हिने हात जोडून मागून घेतली. स्वतःच्या नवऱ्याची फेरी! तळपायाची आग मस्तकात गेली. रात्री जेवणात भात करपला होता, तो मी मुद्दाम दोनदा वाढून घेतला.

१५ ऑक्टोबर

शनिवारी दीपगृहाचा वर्धापनदिन. पाहुणे येणार, जुन्या भिंगात दिवा लागणार आणि भोंगा दुरुस्त करून वाजवणार. वाजवणार म्हणजे बटण दाबून, दोर नाही.

आज चाचणी होती. सगळे अंगणात उभे. मिस्त्रीने बटण दाबलं. काय सांगू! मी माझ्या जागेवर, भोंग्याच्या तोंडाखालीच उभा होतो, जिथे जन्मभर उभा राहिलो. कसला तो आवाज? म्हातारी गाय हंबरावी तसा. आमच्या वेळेला दातांच्या मुळात लागायचा. आणि लोकांची नाटकं बघा! तिकीटवाली कानात बोटं घालून खाली बसली, गॉगल पळत फाटकापर्यंत गेला, छपरावरचे पक्षी तर झाडून उडाले. ही तर दोन्ही कानांवर शाल दाबून, डोळे मिटून, काय ती अभिनेत्री! मी मिस्त्रीला म्हटलं, "जोर नाही रे, हवा गळतेय कुठेतरी." मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं नसेल कुणाला चूक सापडेल.

घरी येताना हिने माझा हात धरून ठेवला होता. मनात पाप असलं की माणूस असा गोड होतो.

१७ ऑक्टोबर

गॉगल म्हणाला, उद्याची पाहुण्यांची फेरी "तुम्ही आणि काकू, दोघं". मी हो म्हटलं.

घरी येऊन हिला सांगितलं, फेरी पाच वाजता आहे. फेरी चारला आहे.

हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच वाटायला नको की चुकून झालं. मला लाज वाटत नाही असं नाही. संध्याकाळभर ती माझ्या कोटाला इस्त्री करत होती, बाह्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा मोडून. पण एक फेरी मला माझी हवी आहे. एक. पाहुण्यांसमोर, कुणी मध्ये न बोलता. मग बघू कोण म्हणतो भोंगेवाल्याला जमत नाही.

१८ ऑक्टोबर

सगळं नीट लिहितो, कारण आज मी जिंकलो.

चारला पाहुणे जमले. गॉगलने विचारलं, काकू कुठे? म्हटलं, तिला बरं नाही. तो जरा घुटमळला, खिशातून मोबाईल काढला, पण तोवर मी पाहुण्यांना घेऊन जिन्याला लागलो होतो.

काय फेरी झाली! कुणी एक प्रश्न विचारला नाही, म्हणजे मागून एकदोघांचे ओठ हलत होते, पण मी थांबलोच नाही. गॅलरीतून समुद्र दाखवला. ऊन कललं होतं, खडकांवर लाटा पांढऱ्या फुटत होत्या, पाहुणे खूश. मग आत आणून शिडीने वर नेलं. दिवा लागला, भिंगातून उजेड फिरला, सगळे हात जोडल्यासारखे उभे. मी बोललो, भरपूर बोललो. खाली पहाऱ्याच्या खोलीत आलो तेव्हा पाहुण्यांना चहाची घाई, ते धडाधड जिना उतरून गेले. मी मागे राहिलो. नियमाप्रमाणे गॅलरीच्या दारात उभं राहून विचारलं, "गॅलरीत कोणी आहे का?" थांबलो. नेहमीपेक्षा जास्त थांबलो, कारण आज मनगट धरायला कुणी नव्हतं. काही नाही. कडी घातली आणि उतरलो.

खाली मांडवात चहा चालू होता. एका पाहुण्याने माझी पाठ थोपटली. मी दुसरा कप घेतला तेवढ्यात लोक वर बघायला लागले. बोटं दाखवायला लागले. मी वळून बघतो तर गॅलरीत ही!

शाल काढून हवेत फिरवतेय. कठड्यावर वाकून दोन्ही हात हलवतेय. आणि खाली लोक तिला हात करतायत, टाळ्या वाजवतायत! त्यांना वाटलं कार्यक्रमातलाच भाग. चारची वेळ पाचची सांगितली तरी ही बाई वर चढलीच, आणि अशी चढली की अख्ख्या मांडवाने तिच्याकडेच बघावं. माझी फेरी संपून दहा मिनिटं झाली नाहीत. मी पाठ फिरवली आणि बिस्किट खाल्लं.

मग ठरल्याप्रमाणे भोंगा झाला. तिने कान धरले आणि खाली बसली. परत नाटक. भोंगा थांबल्यावर पुन्हा उठून हात हलवायला लागली.

गॉगल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा पांढरा. मोठ्याने म्हणाला, "काका, गॅलरीला कडी तुम्ही घातली?"

"अर्थात."

तो जिन्याकडे धावला.

तिला खाली आणली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. लोखंडावर मारून मारून हाताच्या मुठी लाल. कुणीतरी तिला कोट पांघरला, कुणीतरी चहा धरला. झालं असं की गॉगलनेच तिला घरच्या फोनवर कळवलं होतं. ही धावत आली, आम्ही वर दिव्याजवळ असताना पहाऱ्याच्या खोलीत पोचली, दार उघडं दिसलं म्हणून आम्हाला शोधायला बाहेर गेली, पलीकडच्या अंगाला. आणि मी कडी घातली.

सगळे गोल उभे. गॉगलने तिला विचारलं, आणि विचारताना बघत माझ्याकडे होता, "काकू, काकांनी हाक मारली नव्हती का?"

ती माझ्याकडे बघत होती. तोंड अगदी माझ्या समोर. आवाज फाटला होता, पण तिचा प्रत्येक शब्द मला कळला.

"मारली. मलाच ऐकू आली नाही."

१९ ऑक्टोबर

रात्रभर विचार केला. खरं सांगायचं तर आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून वाईट वाटलं, आणि तरी आनंद झालाच.

हिचे कान गेलेत. आता सगळं जुळतं. प्रश्न परत परत म्हणते, कारण तिलाच नीट ऐकू येत नाही, खात्री करून घेते. दिव्याची उघडझाप, टेबलावर थापा. ऐकू न येणारी माणसं असंच करतात. बिचारी. आणि एवढे दिवस माझ्या फेरीत मिरवत होती.

गॉगलने सकाळी सांगून पाठवलं की काकूंनी आता वर यायचं नाही, जोखीम आहे. नियम तो नियम. मी तिला जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. ती रडली नाही. मान हलवली. तिचा घसा पुरता बसलाय, बोलताच येत नाही. घरात काही फरक जाणवला नाही.

२१ ऑक्टोबर

माझी फेरी, माझी एकट्याची. जिंकल्यावर इतकं रिकामं का वाटावं? जिन्यात सारखा वळून बघत होतो. लोक आज मंद होते. एक माणूस दोनतीनदा काही बोलला, मग बायकोकडे बघून त्याने खांदे उडवले. गॅलरीत मी हाक मारली आणि कडीला हात लावायच्या आधी सबंध चक्कर मारून आलो. उगाच. खात्रीसाठी. दोन मुली पलीकडे बसलेल्या होत्या. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या जसं मीच चुकीचं काही केलं.

फोटो कुणी काढला नाही. कुणाबरोबरच.

२३ ऑक्टोबर

ठरवलं. हिला कानाच्या डॉक्टरकडे नेणार. राग मागे पडला. माणूस शेवटी आपलं आहे.

लेकीला फोन करून सांगितलं, तुझ्या आईचे कान तपासायला हवेत. तिकडून बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग पोरगी ओरडली, "हो बाबा! नक्की न्या तिला! आणि तुम्ही पण आत जा बरं का, बाहेर बसू नका!" शेवटी शेवटी तिचा आवाज ओला झाल्यासारखा वाटला. आईची काळजी.

ही लगेच तयार झाली. दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं तर दोन वर्षं टाळते, आणि इथे वेळ पण हिनेच ठरवून घेतली. म्हणजे तिला स्वतःलाच जाणवलं असणार.

२५ ऑक्टोबर

डॉक्टर बाई आहेत. खोलीत आणखी एक छोटी काचेची खोली. आत माणसाला बसवतात, कानाला यंत्र लावतात, हातात बटण देतात. आवाज आला की बटण दाबायचं.

मी बाहेर डॉक्टरांच्या शेजारी बसलो. हिला आत बसवलं. मी मनाची तयारी केली होती: ती गोंधळेल, बघत राहील, मग मी आत जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवीन. तर ही बटण दाबतेय, दाबतेय, दाबतेय. डॉक्टर बाई आवाज बारीक बारीक करत गेल्या असणार, कारण चकतीवर काटा खाली खाली जात होता, आणि हिचा अंगठा चालूच. नंबर जोडायचे तसा. डॉक्टरांनी वळून मला खूण केली: उत्तम.

तिला आणलं होतं मी, आणि इथेही पहिली तीच आली! तिच्या फोटोंच्या वेळी वाटलं होतं तसंच आजही वाटलं, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर बाईंनी हात करून दाखवलं: आलाच आहात तर बसा. ही बाहेर आली, मी आत गेलो. यंत्र कानाला लावलं. बटण घट्ट धरलं. हिच्यापेक्षा लवकर दाबायचं ठरवलं.

थांबलो. काचेपलीकडे डॉक्टरांचा हात चकतीवर. काही नाही. थांबलो. मी खूण केली, सुरू करा. त्यांनी मान हलवली. हात आणखी फिरला. काही नाही. मी म्हटलं, "अहो, तुमचं यंत्र बंद आहे." त्यांनी चकती आणखी फिरवली. हिने खुर्चीचा हात पकडला होता.

मग कुठूनतरी लांबून, खडकांच्याही पलीकडून आल्यासारखा एक आवाज आला. मी बटण दाबलं, दार ढकललं आणि यंत्र काढून हातात घेतलं, बघावं म्हटलं काय बिघडलंय. ते माझ्या तळहातात थरथरत होतं. पकडून ठेवलेल्या माशीसारखं. उघड्या दारातून हिने एकदम कान झाकले. डॉक्टरांनी घाईने चकती मागे फिरवली तशी थरथर थांबली.

मी बसून राहिलो. हातातल्या त्या वस्तूकडे बघत. मनात पहिली आली ती भोंग्याची चाचणी, पळत सुटलेला गॉगल, उडालेले पक्षी. मग गॅलरी. मग निळे ओठ.

ही आत आली. त्या खोलीत दोन माणसं मावत नाहीत. माझ्या गुडघ्यांपाशी वाकून उभी राहिली.

मी विचारलं, "मी हाक मारली तेव्हा तू ओ दिलीस?"

तिने मान हलवली. हो.

"मोठ्याने?"

तिने मान हलवली.

"मग लोकांसमोर तसं का सांगितलंस?"

ती काहीतरी बोलली. बसलेला घसा, आणि माझ्या तळहाताकडे बघून बोलली. मला कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

डॉक्टरांनी नंतर कागदावर रेघ काढून दाखवली. डावा गेलाच आहे, उजव्यात थोडं शिल्लक. यंत्र लावून काही परत येईल, सगळं नाही. इंजिनाशेजारी बसणाऱ्यांचं असंच होतं म्हणाल्या. म्हणाल्या म्हणजे ही मला म्हणाली, त्या म्हणाल्या म्हणून.

२७ ऑक्टोबर

दीपगृहावर दोघं गेलो. वाटेत ती उजवीकडून चालत होती. मी जागा बदलली नाही.

गॉगलच्या खोलीत बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. "वर्धापनदिनाला हिने ओ दिली होती. मला ऐकू आली नाही. कडी मी घातली. हिचे कान ठणठणीत आहेत. माझे गेलेत, आणि मला आत्ता कळलं."

गॉगलने चष्मा काढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचे डोळे बघितले. साधे, थोडे थकलेले. मग तो बोलायला लागला. मला वाटलं एका वाक्यात उरकेल. बराच वेळ बोलला. मध्येच माझ्याकडे हात केला, मध्येच वर मनोऱ्याकडे, एकदा कपाळाला हात लावून हसला, मग एकदम गंभीर झाला. मी त्याच्या ओठांवर नजर रोखून होतो, हाती काही लागत नव्हतं. हिचे डोळे भरून आले आणि ती पण हसली. मी मध्ये उभा, टपाल पेटीसारखा.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर विचारलं, "काय म्हणाला?"

ही म्हणाली, "फेरी तुमचीच. आपण दोघांनी करायची."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढं नव्हतं. तो इतका बोलला, ते सगळं माझ्याबद्दल होतं, आणि ते सगळं तिला मिळालं, मला काहीच नाही. तिच्या फोटोंवर जळलो, तिच्या हसण्यावर जळलो, पण असं कधीच जळलो नव्हतो. मी पायरीवर बसलो. म्हटलं, "अगं, सगळं सांग. गाळू नकोस. वाईट असेल ते पण सांग. तू एक्सचेंजमध्ये कुणाचं अर्धं जोडत नव्हतीस."

ती खालच्या पायरीवर उतरून, माझ्या समोर तोंड करून बसली, पदराशी चाळा करावा तशी शालीची टोकं एकत्र केली आणि पहिल्या शब्दापासून सांगायला लागली. मोठ्याने, तुटक, घसा अजून मोकळा झालेला नाही. पहिली तक्रार कधी आली. मला काढायचं कसं ठरलं होतं. ती एकटी त्याच्याकडे जाऊन काय बोलली, कशी हातापाया पडली, मी बरोबर असेन, त्यांना कळणार पण नाही, असं म्हणाली. तो किती दिवस घाबरत होता. चारचौघांत तिने दोष स्वतःवर घेतल्यावर तिलाच बंदी घालण्यावाचून त्याला दुसरा मार्ग कसा उरला नाही. तो आत्ता मला भला माणूस म्हणाला आणि हट्टी म्हणाला, दोन्ही.

तिकिटाची रांग वळून बघत होती. तिकीटवालीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. माझी सगळी लक्तरं अंगणभर ऐकू जात असणार. मी तिला हळू बोल म्हटलं नाही.